शेजाऱ्याचे चार मजले, आपले नऊ मीटर

वाचकांचं पत्र:

काका, नमस्कार. आम्ही पेडणे तालुक्यात किनाऱ्याच्या गावात राहतो. सासऱ्यांच्या वेळचं चिऱ्याचं कौलारू घर आहे. जागा ४२५ चौरस मीटर, घराचं जोतं १३८. समुद्र चालत पाच मिनिटांवर. मुलगे दोन, थोरल्याचं लग्न ठरलंय. घरावर दोन मजले चढवावेत, एकेक मुलाला द्यावा आणि धाकटा बाहेरगावी असेपर्यंत त्याचा मजला पर्यटकांना भाड्याने द्यावा, असा विचार आहे. कंत्राटदार म्हणतो, जुनं पाडा, खाली स्टिल्ट, म्हणजे गाड्यांसाठी नुसते खांब, ठेवून वर तीन मजले बसवतो. पंचायतीत विचारलं तर कारकून म्हणाला, नऊ मीटर, तळ अधिक एक, बस्स. आणि मोठ्या रस्त्याच्या पलीकडे आमच्या डोळ्यांदेखत चार मजल्यांची इमारत उभी राहतेय! बाहेरून आलेल्याला एक न्याय आणि गावच्याला दुसरा? माझे दीर मुंबईला असतात, ते म्हणतात, आधी बांधून घ्या, मागाहून सगळं रेग्युलराइज होतं. झोनिंग सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडली आहे. काय करावं?
एक वाचक, पेडणे

ताई,

कारकून कमी बोलला, पण बहुधा खरं बोलला. तुमच्या जागेत तळमजला आणि त्यावर एक मजला, यापलीकडे जाता येईल असं मला पत्रावरून आणि झेरॉक्सवरून दिसत नाही. कंत्राटदाराचं स्टिल्ट अधिक तीन तर आजच विसरा. मात्र ‘का’ हे कळल्याशिवाय तुमचा राग जायचा नाही, आणि तो जाऊ नये असं मलाही काही अंशी वाटतं. तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे माणसं विचारतात, ‘गोव्यात किती मजले बांधता येतात?’ याला उत्तर नाही. एकाच जागेवर दोन-तीन कायदे एकाच वेळी चालू असतात आणि प्रत्येकाचं माप वेगळं असतं. सगळी मापं काढायची आणि जे सर्वांत तोकडं निघेल ते आपलं. बाकीचे कितीही उदार असले तरी त्यांचा उपयोग नाही. लोक नेमकं उलट करतात. सर्वांत मोठा आकडा कोणाच्या तरी तोंडून ऐकतात आणि तोच धरून नकाशा काढायला सांगतात.

पहिलं माप झोनचं. १९७४चा नगर व ग्राम नियोजन कायदा, त्याखालचा प्रादेशिक आराखडा २०२१ आणि बांधकामाच्या तपशिलासाठी २०१०ची भूविकास व इमारत बांधकाम नियमावली, अशी ही उतरंड आहे. आराखडा सांगतो की तुमचा सर्व्हे नंबर वस्तीत येतो, बागायतीत की शेतीत. नियमावली सांगते की त्या झोनमध्ये एफएआर किती, जमिनीचा किती टक्के भाग घराने व्यापायचा, चारी बाजूंनी किती जागा मोकळी सोडायची आणि उंची किती. शहरांत नियोजन प्राधिकरणांचे बाह्य विकास आराखडे असतात, ती पुन्हा वेगळी गोष्ट. तुमचं गाव पंचायतीचं आहे, म्हणून ते सोडून देतो.

आता तुमची झेरॉक्स. तीवर लिहिलंय, सेटलमेंट झोन, एफएआर ६०. लोक या आकड्यावरून नजर फिरवतात आणि थेट उंचीचा रकाना शोधतात. ताई, तुमचे मजले उंचीने नंतर अडवले, आधी या साठाने अडवले आहेत. एफएआर ६० म्हणजे जमिनीच्या साठ टक्के इतकंच एकूण बांधकाम, सगळ्या मजल्यांचं मिळून. ४२५चे साठ टक्के झाले २५५ चौरस मीटर. त्यातले १३८ तुमच्या तळमजल्यानेच घेतले. उरले ११७. म्हणजे वरचा एक मजलासुद्धा खालच्याएवढा पूर्ण होत नाही, एखादी खोली कमीच पडेल. दुसऱ्या मजल्याला चौरस मीटरच शिल्लक नाहीत. उद्या सरकारने उंचीची मर्यादा पन्नास मीटर केली तरी तुमचे ११७ ते ११७च.

बाल्कनी, जिना, पोर्च यांतलं काय एफएआरमध्ये धरायचं आणि काय वगळायचं याचे पोटनियम आहेत आणि ते अधूनमधून बदलतात. त्यात पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतील. पण ‘एफएआरमध्ये धरत नाहीत हो’ असं म्हणत कोणी अख्खी खोली बसवून देत असेल, तर त्याला ते नकाशावर, सही-शिक्क्यानिशी, परवान्याआधी दाखवायला सांगा.

दुसरं माप किनाऱ्याचं, आणि कारकुनाचे नऊ मीटर आले ते इथून. किनारी नियमन क्षेत्र, म्हणजे सीआरझेड. पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ची, मग ६ जानेवारी २०११ची, मग १८ जानेवारी २०१९ची. शेवटची नवी आहे म्हणून तीच लागू, असा समज आहे. तो चुकीचा आहे. २०१९च्या अधिसूचनेतच म्हटलंय की तिच्यानुसार किनारी आराखडा तयार होऊन मंजूर होईपर्यंत जुनी व्यवस्था चालू राहील. गोव्याचा २०११च्या अधिसूचनेवर आधारलेला आराखडा मंजूर व्हायलाच सप्टेंबर २०२२ उजाडला! तेव्हा कोणी ‘नव्या नियमाने पन्नास मीटरच सोडायचे’ असं सांगत असेल, तर ‘कुठल्या मंजूर नकाशानुसार?’ एवढाच प्रश्न त्याला विचारा.

२०११च्या अधिसूचनेत ग्रामीण किनारा सीआरझेड तीनमध्ये येतो. भरतीच्या रेषेपासून पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र. तिथे नवं काही नाही. असलेलं अधिकृत घर आहे त्याच जोत्यावर, आहे तेवढ्याच क्षेत्रफळात दुरुस्त करता येतं किंवा पुन्हा उभारता येतं. २०० ते ५०० मीटर या पट्ट्यात गावठाण आणि परंपरागत वस्तीच्या चौकटीत राहायची घरं बांधता येतात, पण एकूण उंची ९ मीटरच्या आत आणि मजले दोनच, तळ अधिक एक. ‘आणि’ या शब्दाकडे लक्ष द्या. नऊ मीटरांत ओढूनताणून तीन ठेंगणे मजले कोंबले तरी चालत नाही. स्टिल्टचीही इथे वेगळी सवलत धरून चालू नका. गाडी ठेवायला खाली सव्वादोन-अडीच मीटर सोडले, तर ते याच नऊ मीटरांतून गेले.

तुम्ही लिहिता, समुद्र चालत पाच मिनिटांवर. माणूस पाच मिनिटांत साडेतीनशे-चारशे मीटर चालतो, त्यामुळे तुम्ही या पट्ट्यात असाल असा माझा अंदाज. पण सरकार पावलं मोजत नाही, आणि पाणी आज कुठवर आलंय हेही बघत नाही. भरतीची रेषा किनारी आराखड्याच्या नकाशावर आखलेली असते. ते काम चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारी व्यवस्थापन केंद्राचं. तुमचा सर्व्हे नंबर त्या नकाशावर बसवून घ्या. कधी कधी एकाच सर्व्हे नंबरातून रेषा जाते. मग मागचं भाट (माडांची बाग) मोकळं आणि पुढचं घर बंधनात, अशी गंमत होते.

इथे आतल्या गावांतल्या वाचकांना एक सांगून ठेवतो. सीआरझेड म्हणजे फक्त रेतीचा किनारा नव्हे. भरती-ओहोटी जिथवर पोचते तिथवरच्या नद्यांनाही ते लागतं. २०११च्या नियमाने नदीकाठी १०० मीटर किंवा नदीची रुंदी, जे कमी असेल ते. तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी यांचं खारं पाणी किती आत शिरतं हे खाजनं, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठची बांधबंदिस्त शेतं, कसणाऱ्याला वेगळं सांगायला नको. समुद्र कधी अंगणातून दिसला नाही अशा माणसाला किनारी प्राधिकरणाची नोटीस आली की तो चक्रावतो.

तिसरं माप विमानांचं. तुमच्या तालुक्यात मोपा विमानतळ जानेवारी २०२३पासून सुरू आहे, म्हणून पुष्कळजण विचारतात. विमानतळाच्या परिसरात इमारतीचं टोक समुद्रसपाटीपासून किती उंचीवर असावं याचे रंगवलेले नकाशे असतात. देशभराचे नियम २०१५चे आहेत. नकाशावरचा आकडा जमिनीपासूनचा नसतो, समुद्रसपाटीपासूनचा असतो. म्हणून पठारावरच्या माणसाला तो आकडा चटकन संपतो आणि खाली किनाऱ्यावरच्याला पुष्कळ उरतो. मोपाचं पठार दीडशे मीटरहून उंच. तुमच्या दोन मजली घराला या मापाची फारशी भीती नाही. वास्को, चिखली, दाबोळी भागात मात्र हेच माप सर्वांत तोकडं ठरू शकतं, आणि तिथला विमानतळ नौदलाचा असल्याने ना-हरकत दाखलाही नौदलाकडून लागतो. तशीच गोष्ट जुन्या गोव्याची. संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीनेच. हे दोन्ही तुमचे प्रश्न नाहीत, पुढे जाऊ.

(‘माडापेक्षा उंच बांधायचं नाही असा कायदा आहे ना?’ असं मला निदान पर्यटकांपैकी कोणी तरी दर हंगामात विचारतं. जी मापं वर सांगितली त्यांत माड कुठेही नाही. आपल्या कायद्याचं आणि माडाचं तसंही विचित्र नातं. २०१६ मध्ये दुरुस्ती करून त्याला झाडांच्या व्याख्येतून काढलं, लोक खवळले, आणि पुढच्याच वर्षी तो राज्यवृक्ष म्हणून परत आला.)

आता रस्त्यापलीकडची इमारत.

ती बेकायदा आहेच असं धरून चालू नका, आणि कायदेशीर आहेच असंही नको. तीन शक्यता आहेत. एक, ती ५०० मीटरच्या रेषेबाहेर असेल आणि व्यापारी झोनमध्ये, जिथे एफएआर आणि उंची दोन्ही जास्त मिळतात. मोठ्या रस्त्याला लागून असे पट्टे आराखड्यात पुष्कळ ठिकाणी आहेत. समोरचा रस्ता रुंद असला की नियमावलीही हात सैल सोडते. तुमच्या वाड्यातल्या वाटेला ते भाग्य नाही. रस्ता ओलांडला आणि नियम बदलला, हे ऐकायला अन्यायाचं वाटतं, पण रेषा कुठे तरी ओढावीच लागते आणि तिच्या दोन्ही बाजूंना कोणी तरी शेजारी असतोच.

दुसरी शक्यता, त्या जागेचा झोन मधल्या काळात बदलून घेतला असेल. इथे तुमचा राग मला खोटा वाटत नाही. आराखडा गावाने, ग्रामसभांत बसून, वाद घालून करायचा असतो. २००६च्या अखेरीस लोक प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध गोवा बचाव अभियानाच्या हाकेला रस्त्यावर उतरले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्यातून २०२१चा आराखडा झाला. चार्ल्स कोरियांसारखा वास्तुविशारद तो तयार करणाऱ्या कृती दलात होता. गावागावांतून हरकती-सूचना घेतल्या गेल्या. तो २०११ मध्ये अधिसूचित झाला आणि लगेच काही वर्षं बासनात पडला. पुढे १९७४च्या कायद्यात कलमं घालून एकेका जागेचा झोन बदलायच्या वाटा काढल्या गेल्या. २०२३ची १७(२), २०२४ची ३९अ. पहिलीचं कारण सांगितलं गेलं, आराखड्यातल्या अनवधानाने राहिलेल्या चुका दुरुस्त करणं. चुका असतीलही, पण शेती आणि बागायत म्हणून रंगवलेल्या जागा एकेक करून वस्ती होऊ लागल्या, तेव्हा गोवा फाउंडेशन, खाजन सोसायटी आणि गोवा बचाव अभियान या संस्था उच्च न्यायालयात गेल्या. मार्च २०२५ मध्ये गोवा खंडपीठाने १७(२)खालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली. सरकार त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेलं.

माझं मत विचाराल तर उंचीची बंधनं हवीतच. आपल्या बहुतेक गावांना मलनिस्सारणाच्या वाहिन्या नाहीत, घराघराला सेप्टिक टँक आहे आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर विहीर. चिऱ्याच्या जमिनीतून पाणी झरझर खाली जातं, चांगलंही आणि वाईटही. एका घरात पाच माणसं होती तिथे वीस खोल्या झाल्या, तर विहिरीचं काय होतं हे उन्हाळ्यात कळतं. अग्निशामक दलाचा बंब वाड्यातल्या वाटेने शिरत नाही, हे आणखी एक. मला आक्षेप आहे तो बंधन एकाला आणि पळवाट दुसऱ्याला याला. गावचा माणूस झोनिंग सर्टिफिकेट हातात घेऊन रांगेत उभा राहतो आणि ज्याच्याकडे वकील आहे तो झोनच बदलून आणतो, यातून नियमाबद्दलचा आदर जातो. तुमच्या दिरांचं वाक्य त्यातूनच आलंय.

तिसरी शक्यता उघड आहे, ती इमारत परवान्याबाहेर गेली असेल. साइटवर फलक असतो, त्यावरचा परवाना क्रमांक टिपून घ्या. माहिती अधिकाराखाली पंचायत आणि नगर नियोजन खातं या दोघांकडे मंजूर नकाशा, तांत्रिक मंजुरी आणि परवाना यांच्या प्रती मागा. मंजूर नकाशात तीन मजले आणि उभे चार, असं निघालं तर पंचायतीकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. सीआरझेडमध्ये असेल तर गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडेही. पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्यांची इमारत बेकायदा ठरली तरी तुमचा एक चौरस मीटर वाढणार नाही. तक्रार करायची ती गावासाठी करा, आपल्या घराच्या अर्जात तिचा उल्लेखही करू नका. ‘त्यांना दिलं, मलाही द्या’ हा मुद्दा कुठल्याही कार्यालयात चालत नाही. न्यायालयही बेकायदेशीरपणात समानता मागू देत नाही.

आता दिरांचा सल्ला. ‘मागाहून रेग्युलराइज’ म्हणतात ते बहुधा २०१६च्या कायद्याबद्दल. अनधिकृत बांधकामं नियमित करण्याचा तो कायदा २८ फेब्रुवारी २०१४पूर्वी उभ्या असलेल्या बांधकामांसाठी आहे. तुम्ही अजून वीटही लावलेली नाही. शिवाय किनारी नियमन क्षेत्र त्यातून वगळलेलं आहे. म्हणजे तुमच्यासाठी ते दार दोन्ही कड्या लावून बंद आहे. आज बेकायदा मजला चढवला, तर त्याला भोगवटा दाखला नाही, बँकेचं कर्ज नाही, आणि पर्यटक ठेवायचे म्हणून पर्यटन खात्याकडे नोंदणीला गेलात की पहिला कागद तोच मागणार. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्यातल्या नाइट क्लबच्या आगीत पंचवीस जीव गेले आणि मागाहून पाडकामाचा आदेश, त्याला स्थगिती, कोणी सही केली, कोणी नाही, याचाच काथ्याकूट झाला. त्यानंतर कुठलंही कार्यालय ‘बघू, करू’ म्हणून सोडून देईल या भरवशावर मुलाचा संसार उभारू नका.

दिरांची आठवण निघाली म्हणून विचारतो. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या कागदावर, नावं कोणाची आहेत? सासऱ्यांच्या पश्चात वाटणी झाली का? तुम्ही पत्रात ‘आमचं घर’ म्हणता आणि दीर सल्ला देतात, यावरून मला शंका येते की जागा अजून सामाईक आहे. आपल्याकडच्या कौटुंबिक कायद्यात नवरा-बायको दोघांचाही हिस्सा असतो. तेव्हा दिरांची सही पुरणार नाही, जावेचीही लागेल. हे मजल्यांपेक्षा महत्त्वाचं आहे. सहमालकांची संमती नसली तर परवान्याचा अर्ज तिथेच अडकतो, आणि समजा नाही अडकला, तर पुढे दहा वर्षांनी तुमच्या पैशांनी बांधलेल्या मजल्यात अर्धा वाटा कोणाचा यावरून भांडण. लग्नाला सगळे गावी जमतीलच. त्याआधी नोटरीकडे जाऊन या, किंवा सरळ वाटणीचं काढा.

आता नऊ मीटरांत काय बसतं ते बघू, कारण मला वाटतं तुमच्या गरजेपुरतं बसतं.

जोतं ०.६ मीटर. दोन मजले प्रत्येकी ३ मीटर, स्लॅब धरून. झाले ६.६. वर कौलारू छपरासाठी उरले २.४. इथे बरेच नकाशे फसतात. सपाट गच्ची असेल तर काम भागतं, पण कोकणच्या पावसात सपाट गच्ची म्हणजे चौथ्या वर्षी गळती आणि मग वर पत्र्याची शेड, जी स्वतःच उंचीत मोजली जाऊ शकते. मंगळूरी कौलांना साधारण २८ अंशांचा उतार द्यायचा तर घराची रुंदी ९ मीटर असताना आढं भिंतीच्या माथ्यापासून २.४ मीटर वर जातं. अगदी काठोकाठ. रुंदी ११ मीटर झाली की तेच आढं २.९वर जातं आणि तुम्ही अर्ध्या मीटराने नियमाबाहेर. नियम आढ्यापर्यंत मोजतो असंच धरून चाला, हॉटेलांच्या बाबतीत तर तसं शब्दांत लिहिलेलंच आहे.

उपाय आहेत. रुंद घरावर एकच मोठं छप्पर न घालता दोन छोटी आढी काढायची आणि मध्ये पन्हळ. पन्हळीची निगा राखावी लागते, नाहीतर जुलैत दिवाणखान्यात पाणी. दुसरा आणि मला जास्त आवडणारा उपाय, वरच्या मजल्याला स्लॅबच घालायचा नाही. भिंती वळचणीपाशी थोड्या ठेंगण्या ठेवायच्या आणि खोलीची उंची छपराखालीच मोकळी सोडायची. जुन्या घरांच्या माळ्यासारखी हवा खेळती राहते, उंचीत पाऊण-एक मीटर वाचतो आणि खर्चही. खोलीची किमान उंची किती भरते हे वास्तुविशारदाकडून तपासून घ्या, कारण त्यालाही नियम आहे.

तुमच्याकडे वर ११७ मीटर आहेत. त्यात थोरल्याला दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बाहेरून स्वतंत्र जिना सहज होतो. धाकट्याची सोय तळमजल्यावरच्या मागच्या भागात करा. बहुतेक चिऱ्याची घरं मागे भरपूर अंधाऱ्या खोल्या बाळगून असतात, त्यांना खिडक्या पाडल्या की उजेड येतो. पर्यटकांचा विचार तूर्त बाजूला ठेवा. राहत्या घराचा परवाना घ्यायचा आणि त्यात धंदा चालवायचा, हा दुसरा अर्ज आहे आणि सीआरझेडमध्ये त्याचे प्रश्नही दुसरे.

जुन्या भिंतींवर मजला चढवायचा की पाडून नव्याने, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. सासऱ्यांच्या काळातले चिरे बहुतेक मातीत किंवा चुन्यात बसवलेले असतात. ते कौलांचं ओझं आयुष्यभर वाहतील, स्लॅबचं नाही. जुन्या भिंती तशाच ठेवून, शेजारून आरसीसीचे खांब उभे करून वरचा भार त्यांवर घेता येतो. ते शक्य आहे का हे स्ट्रक्चरल इंजिनिअर पायाशी खड्डा घेऊनच सांगेल. कंत्राटदार ‘काही होत नाही हो’ म्हणेल. त्याचं ऐकू नका. पाडून बांधायचं काम मोठं, म्हणून पाडण्याचा सल्लाही त्याचाच होता हे लक्षात ठेवा. पाडण्यात आणखी एक धोका आहे. घर उभं आहे तोवर ते अधिकृत जुनं घर आहे. घरपट्टीच्या जुन्या पावत्या, जुना सर्व्हे नकाशा, विजेचं जुनं बिल, जे सापडेल ते जपा. तुमची जागा दुर्दैवाने २०० मीटरच्या आत निघाली, तर हेच कागद आणि हेच जोतं तुमचा एकमेव हक्क असेल. तसं निघालं, तर मजला चढवायचा विचार सोडून फक्त आहे त्याच क्षेत्रफळात दुरुस्ती, एवढंच हाती राहतं. म्हणून रेषा कळेपर्यंत कुदळ लावू नका.

कामाचा क्रम असा धरा. आधी एक-चौदा आणि सर्व्हे नकाशा ताजा काढा, मग किनारी नकाशावर जागा नेमकी कुठे आहे ते बघून घ्या. सीआरझेडमध्ये असाल तर प्राधिकरणाची मंजुरी, मग नगर नियोजनाची तांत्रिक मंजुरी, आरोग्य केंद्राचा दाखला आणि शेवटी पंचायतीचा परवाना. पंचायत राज कायदा १९९४च्या कलम ६६खाली पंचायतीने अर्जाचा निकाल लावायचा असतो. विनाकारण रखडवलं किंवा नाकारलं तर पंचायत उपसंचालकांकडे दाद मागता येते. म्हणून प्रत्येक अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. जागेत उतार असेल, मागे डोंगर कापायचा किंवा पुढचा सखल भाग भरायचा असेल, तर कलम १७अची परवानगी वेगळी. ती न घेता जेसीबी बोलावला की घराआधी केस उभी राहते.

वास्तुविशारद पेडण्यातला किंवा म्हापशातला बघा, जो नगर नियोजनाच्या तालुका कार्यालयात रोज जातो. त्याच्याकडे जाताना झोनिंग सर्टिफिकेटची मूळ प्रत न्या, झेरॉक्सवर मागच्या बाजूचा शेरा आलेला नाही. आणि त्याला पहिल्या भेटीत मजले किती असं विचारू नका. ११७ मीटर कसे वापरू, असं विचारा.